वर्गाचा ब्लॉग काढला तर मुलं खरंच लिहायला लागतात का?

शाईदौत
नमस्कार मंडळी. मी आठवीला मराठी शिकवते. परवा निबंधाच्या ४१ वह्या तपासायला घेतल्या, विषय होता 'मी पक्षी झालो तर'. त्यातल्या २३ वह्यांमध्ये पहिलं वाक्य अक्षरशः एकच! गाईडमधलं. मुलांना लिहिता येत नाही अशी माझी तक्रार नाहीये, ती लिहीतच नाहीत, उतरवतात. दुसऱ्या दिवशी मी वर्गात न रागावता विचारलं की बाबांनो असं का करता, तर मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्हाला सगळं आधीच माहिती असतं, मग सांगायचं कुणाला?"

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. त्याचं खरंच आहे ना. वही माझ्याकडे येते, मी लाल शाईने शेरा मारते, वही परत जाते, संपलं. वाचणारी मी एकटी आणि तीही मार्क देण्यापुरती. म्हणून वर्गाचा एक ब्लॉग काढावा असं मनात आहे, म्हणजे एकमेकांचं वाचतील, कुणीतरी उत्तर देईल. इथे कुणी केलंय का असं? टिकतं का? सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा की बंद दारातला? शुद्धलेखन मी आधी तपासून द्यायचं का? मार्क द्यायचे का? सगळं सांगा, फसलेलं असेल तर ते आधी सांगा.

अर्धविराम
वाचतोय. "सांगायचं कुणाला" हा प्रश्न मोठ्या माणसांनाही लागू आहे.

फळापुसणं
फसलेलं आधी सांगा म्हणालात म्हणून सुरुवात मी करतो. आम्ही तीन वर्षांपूर्वी केलं होतं. पहिल्या आठवड्यात ३० पोस्टी, मुलं उड्या मारत होती. दुसऱ्यात ११. चौथ्या आठवड्यात मी एकट्याने सूचना टाकली, तीही कुणी वाचली नाही. मला बरेच दिवस वाटत होतं की मुलांना कंटाळा आला, पण नंतर सगळ्या पोस्टी परत वाचल्या तेव्हा कळलं की मी वहीतलेच निबंध टाईप करून टाकायला लावले होते. विषय मी दिलेला, शब्दमर्यादा मी दिलेली, खाली टिप्पणी माझीच, 'छान प्रयत्न'. म्हणजे ती वहीच होती, पडद्यावरची. ब्लॉग काढल्याने वाचक आपोआप येत नाहीत, ते आधी जमवावे लागतात. पहिली पोस्ट पडायच्या आधी वाचणारे कोण हे ठरवा, एवढंच सांगेन.

वेलांटी
फळापुसणं यांना पूर्ण अनुमोदन. आमचं टिकलं त्याचं कारण हेच की वाचक आधी शोधले. २०११च्या सुमारास इंग्लंडमधल्या शिक्षकांनी एक युक्ती सुरू केली होती, क्वाडब्लॉगिंग म्हणायचे तिला. चार शाळांचा एक गट करायचा, दर आठवड्याला एका शाळेच्या ब्लॉगची पाळी, बाकीच्या तीन शाळांच्या मुलांनी तिथे जाऊन वाचायचं आणि टिप्पण्या लिहायच्या. महिन्यातून एकदा आपल्याकडे पाहुणे येणार हे मुलांना माहिती असतं. आम्ही चार शाळा नाही जमवू शकलो, ओळखीच्या दोन शिक्षिकांचे वर्ग घेऊन तिघींनी केलं आणि तेवढं पुरलं.

सहावीतला एक मुलगा होता, वहीत चार ओळींच्या वर कधी गेला नाही. त्याने ब्लॉगवर सायकलची पडलेली चेन कशी बसवायची ते सहा ओळींत लिहिलं. दुसऱ्या वर्गातल्या एका मुलीने खाली विचारलं, "बसवताना बोट अडकत नाही का?" बस्स, एवढंच. त्यावर त्याने तीन परिच्छेद लिहिले! पेडल हाताने उलटं कसं फिरवायचं, चेन आधी मागच्या चाकाच्या दातांवर घालायची आणि मग पुढच्या, बोटं कुठे ठेवायची, आणि 'दाते' म्हणायचं का 'दात' हे विचारायला माझ्याकडे आला. वर्षभरात त्याने मला विचारलेला तो पहिला शब्द. मी शंभर वेळा 'सविस्तर लिही' असा शेरा मारला असेन, त्याने जे झालं नाही ते एका खऱ्या प्रश्नाने झालं, कारण तिला खरंच माहिती नव्हतं आणि त्याला खरंच माहिती होतं.

जुनीपाटी
शाईदौत ताई, तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तरही तितकंच जुनं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, त्यामुळे वर्गात फार वेळ बोलता येत नसे. १९२४च्या सुमारास त्यांनी खेड्यातल्या आपल्या शाळेत एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं बाहेर फिरून यायची, पाहिलेलं सांगायची, लिहायची, कुठला मजकूर छापायचा ते वर्ग मिळून ठरवायचा आणि मग मुलंच शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवून तो छापायची. पण खरी गंमत पुढे आहे. ते छापलेले कागद फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला ब्रिटनी भागातल्या एका शाळेत पाठवले जायचे आणि तिकडच्या मुलांचे कागद इकडे यायचे. समुद्राकाठची मुलं आणि डोंगराकडची मुलं, एकमेकांचं काहीच माहिती नाही, म्हणजे सांगण्यासारखं आपोआप भरपूर! यंत्र हे निमित्त होतं, खरं काम टपाल करत होतं.

दुसरं उदाहरण पोलंडचं. यानुश कोर्चाक, डॉक्टर आणि शिक्षक. त्यांनी १९२६ साली वॉर्सात मुलांचं वर्तमानपत्र सुरू केलं, एका दैनिकाची साप्ताहिक पुरवणी म्हणून. मजकूर मुलांच्या पत्रांतून यायचा, घरातली भांडणं, शाळेतला अन्याय, हरवलेल्या वस्तू, सगळं. ती पुरवणी १९३९च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे युद्ध सुरू होईपर्यंत चालली. तेरा वर्षं मुलं लिहीत राहिली, कारण लिहिलेलं छापून येतं आणि कुणीतरी ते गंभीरपणे घेतं हे त्यांना कळलं होतं. ब्लॉग हे याच घराण्यातलं आहे, नवीन फक्त वेग आहे.

ठिपका
जुनीपाटी सर, प्रतिसाद जपून ठेवला. एकेक खिळा जुळवून निबंध छापायचा म्हटलं तर 'सूर्य पूर्वेला उगवतो' असलं वाक्य कुणी घालणारच नाही, बोटं दुखतात :)

सरळरेघ
इतका उत्साह आहे म्हणून उलट बाजू मांडतो, राग मानू नका. मी वर्गाच्या ब्लॉगच्या विरोधात आहे, निदान उघड्या ब्लॉगच्या.

तेरा वर्षांच्या मुलाने भावनेच्या भरात लिहिलेलं वही फाडली की संपतं, इंटरनेटवरचं संपत नाही. उद्या तेच कुणीतरी त्याच्या तोंडावर फेकेल. अमेरिकेत १९९८ साली कोप्पा नावाचा कायदा झाला, १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करायची तर पालकांची संमती लागते. बहुतेक सेवांवर '१३ पूर्ण' अशी अट दिसते ती त्यातूनच आली. तो कायदा काही उगाच झालेला नाही.

दुसरं, लाईक. लहान मुलांवरचा १९७३चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, लेपर, ग्रीन आणि निसबेट यांचा. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशा बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. मिळालंही. पण थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. बक्षिसाने गोडी खाल्ली. लाईक आणि टिप्पण्यांचे आकडे हे असंच बक्षीस आहे, नाही का? मूल आधी स्वतःशी लिहायला शिकायला हवं. मी लहानपणी रोजनिशी लिहिली, ती आजतागायत कुणी वाचलेली नाही आणि म्हणूनच ती खरी आहे.

वेलांटी
सरळरेघ, राग अजिबात नाही, पहिल्या मुद्द्याशी मी सहमतच आहे. आमचा ब्लॉग कुलूपबंद होता, तीन वर्ग आणि पालक एवढ्यांनाच दिसायचा, मुलं टोपणनावाने लिहायची, फोटो नाहीत, शाळेचं नाव नाही, आणि कुठलीही पोस्ट किंवा टिप्पणी आम्ही शिक्षिकांनी बघितल्याशिवाय दिसत नसे. पालकांची लेखी संमती पहिल्याच दिवशी. आणि लाईकचं बटण काढूनच टाकलं होतं.

पण टिप्पणी आणि लाईक एका पारड्यात घालू नका हो. १९८८ मधला रूथ बटलर यांचा अभ्यास बघा. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली, गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं मात्र तसं झालं नाही, आकडा दिसला की शेरा कुणी वाचतच नाही. म्हणून शाईदौत, मार्कांच्या प्रश्नावर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. ब्लॉगला मार्क नकोत, अगदी वहीत गुपचूप लिहून ठेवायलाही नकोत, मुलांना कळतं.

मागचा_बाक
सदस्य झाल्यापासून नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. मी शिक्षक नाही. मी अशा एका वर्गातला मुलगा होतो.

मी बोलताना अडखळायचो, त्यामुळे वर्गात हात वर करायचा प्रश्नच नव्हता. आमच्या सरांनी ब्लॉग काढला तेव्हा मला कळलं की मला विनोद जमतात! लिहिताना कुणी 'लवकर बोल' म्हणत नाही ना. त्या वर्षी मी ५२ पोस्टी लिहिल्या, आजही लिहितो, त्याचं श्रेय सरांना.

पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही ती इथे सांगतो, म्हणजे तुमच्या लक्षात राहील. माझी सगळ्यात पहिली पोस्ट मी दोन दिवस खपून लिहिली होती. शेजारच्या मित्राच्या पोस्टवर १४ टिप्पण्या आल्या आणि माझ्यावर एकही नाही. मी आठवडाभर रोज उघडून बघायचो. शून्य. वहीत निदान लाल शाईची खूण तरी असते. वर्गात कुणी वाचलं नाही हे आपल्या एकट्यालाच माहिती असतं, ब्लॉगवर ते सगळ्यांना दिसतं. दोन आठवड्यांनी दुसऱ्या शाळेतल्या कुणीतरी 'तू लिहिलंस तो मुंगळा नाही, भुंगेरा आहे, मुंगळ्याला असे कठीण पंख नसतात' असं लिहिलं. चूक काढली होती माझी! पण मी घरभर नाचलो, कारण त्याने शेवटपर्यंत वाचलं होतं. ते आलं नसतं तर मी दुसरी पोस्ट लिहिली नसती हे नक्की.

तर काहीही करा, पण कुठलीही पोस्ट शून्यावर राहू देऊ नका.

ठिपका
मागचा_बाक, लिहीत राहा इथेही. डोळ्यांत पाणी आलं.

फळापुसणं
+१. मी त्या वेळी कुणाच्या खाली किती टिप्पण्या हे कधी मोजलंच नाही. आता वाटतं त्या ३० पैकी २०-२२ तरी शून्यावर असतील. मुलं कंटाळली नव्हती, दुखावली होती.

शाईदौत
मागचा_बाक, तुमचा प्रतिसाद मी वर्गाच्या कपाटाला आतून चिकटवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. टिप्पण्यांची पाळी लावायची असं ठरवतेय, प्रत्येक मुलाला दर आठवड्याला तीन नावं, त्यांचं वाचायचं आणि लिहायचं. म्हणजे प्रत्येकाला तीन नक्की.

शुद्धलेखनाबद्दल कुणी बोललं नाही अजून?

अनुस्वार
मी बोलते, माझा जीव आहे त्यात. आधी तपासून देऊ नका. मीही पूर्वी तपासूनच टाकायचे, आणि मग ते लेखन माझं व्हायचं, मुलाचं राहायचं नाही. एकदा वेळ मिळाला नाही म्हणून तसंच जाऊ दिलं. एका मुलीने शीर्षक दिलं होतं 'आमचा बालदीन'. खाली पलीकडच्या वर्गातल्या मुलाने अगदी निरागसपणे विचारलं, "दीन म्हणजे गरीब ना? मग बालदीन म्हणजे गरीब बाळ का?" तिने पाच मिनिटांत दुरुस्त केलं, आणि 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत' अशा जोड्या शोधायची साथच आली वर्गात. ऱ्हस्वदीर्घाने अर्थ बदलतो हे मी किती वर्षं फळ्यावर लिहितेय! वाचणाऱ्याला अडखळायला झालं तेव्हा त्यांना पटलं.

अवांतर: टायपिंग. रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारा कीबोर्ड मुलं पटकन उचलतात, पण मग 'ज्ञ' आणि 'ऋ' कुठे आहे यात अर्धा तास जातो. आणि मोबाईल स्वतःच शब्द सुचवतो त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. 'मी आईला मदत केली' चं 'मी आईला मदत केळी' झालेलं मी स्वतः वाचलंय.

ठिपका
केळी सोलून दिली असतील, तीही मदतच!

अर्धविराम
पण हल्ली मोठी अडचण वेगळीच आहे. मुलं यंत्राला सांगतात, दीडशे शब्दांत पावसाळा, आणि दहा सेकंदांत पावसाळा हजर. गाईड तरी उतरवायला हात चालवावा लागायचा. ब्लॉगवर तर नुसतं चिकटवायचं. त्याचं काय करायचं?

वेलांटी
'पावसाळा' विषयच देऊ नका. अमेरिकेत डोनाल्ड ग्रेव्हज यांनी सत्तरच्या दशकापासून मुलं लिहितात कशी हे वर्गात बसून पाहिलं, आणि विषय मुलानेच निवडला पाहिजे यावर ते अडून राहिले. आता तर ते दुप्पट खरं आहे. माझ्या दप्तराच्या तळाशी आत्ता काय काय आहे, मी आणि माझी बहीण कशावरून भांडतो, मला येतं पण शाळेत कुणी विचारत नाही असं काहीतरी, एखादी गोष्ट जी मी मोडली आणि कुणाला सांगितली नाही. हे यंत्राला कुठून माहिती असणार? आणि चिकटवलेलं असेल तर खालच्या प्रश्नांना उत्तर देताना उघडं पडतं, त्यासाठी शिक्षकाने पोलीस व्हायची गरज पडत नाही.

खिडकीजवळ
आमच्याकडे वर्गात एकच संगणक आहे, तोही मनात असेल तेव्हा चालतो. तरी करता येतं हे सांगायला आले. आम्ही महिनाभर आधी कागदावर केलं. प्रत्येकाने एक पान लिहून भिंतीला लावायचं, बाजूला कोरा कागद, येताजाता टिप्पणी लिहायची. 'छान', 'मस्त', 'आवडलं' हे शब्द एकटे चालणार नाहीत असा नियम. काय आवडलं ते वाक्य लिहायचं आणि एक असा प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर आपल्याला खरंच माहिती नाही. हे मुलांना आपोआप येत नाही, शिकवावं लागतं, निबंध शिकवतो तितक्याच गांभीर्याने. महिन्यानंतर ब्लॉग सुरू केला तेव्हा मुलं तयार होती. पाच मुलांनी टाईप करायचं, बाकीच्यांनी मसुदे लिहायचे, दर आठवड्याला गट बदलायचा.

जुनीपाटी
खिडकीजवळ यांची भिंत फारच आवडली.

आणि सरळरेघ यांच्या काळजीला जोडून एक घटना. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने शाळेत मिळणाऱ्या जेवणावर ब्लॉग सुरू केला, रोज ताटाचा फोटो आणि दहापैकी गुण. जगभर वाचला गेला. मग स्थानिक प्रशासनाने फोटो काढायला बंदी केली, त्यावर इतका गदारोळ झाला की बंदी लगेच मागे घ्यावी लागली, आणि तिने ज्या संस्थेसाठी मदत मागितली होती तिच्याकडे लाखाच्या वर पौंड जमा झाले. लोक ही गोष्ट विजयाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या मागे त्या वेळी घरचे ठाम उभे होते हेही विसरू नये. आपण दार उघडणार असू तर मागे कोण उभं राहणार ते आधी ठरलेलं असावं.

सरळरेघ
जुनीपाटी सर, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत. बंद ब्लॉग, टोपणनाव, लाईक नाही, मार्क नाहीत, एवढं असेल तर माझा विरोध मागे. एकच मागणी ठेवतो, 'हे फक्त बाईंनी वाचावं' आणि 'हे कुणीच वाचू नये' असे दोन पर्याय मुलांना नेहमी खुले ठेवा. आठवड्यातून एक पान तरी असं असू दे.

शाईदौत
ठेवणार. वचन. सोमवारपासून भिंतीने सुरुवात करतेय.

शाईदौत
चार महिन्यांनी धागा वर काढतेय. इतक्या जणांनी मनापासून लिहिलं होतं, काय झालं ते सांगायलाच हवं.

भिंत पाच आठवडे चालली, मग ब्लॉग, आमचा आणि दुसऱ्या गावातल्या एका वर्गाचा मिळून. ४१ पैकी ३३ मुलं नियमित लिहितात. आठ जणं अजून नाही लिहीत, त्यातल्या तिघी 'फक्त बाईंनी वाचावं' मध्ये लिहितात आणि फार सुंदर लिहितात (सरळरेघ, तुमचे आभार, हे माझ्या लक्षात आलं नसतं). सहामाहीच्या पेपरात निबंध बऱ्याच जणांनी परत गाईडमधलाच लिहिला, ते काही बदललेलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. तिथे वाचणारा परीक्षकच आहे हे त्यांना पक्कं माहिती आहे.

'सांगायचं कुणाला' म्हणणारा मुलगा आठवतोय? ब्लॉग सुरू झाल्यावर पाच आठवडे त्याने एकही पोस्ट लिहिली नाही. पाळीची तीन नावं मात्र कधी चुकवली नाहीत, आणि वर्गात सगळ्यात चांगले प्रश्न त्याचे. एका मुलीने आजोबांच्या बंद पडलेल्या घड्याळावर लिहिलं होतं, त्याने विचारलं, "ते किती वाजता बंद पडलं ते आजोबांना विचारलंस का?" तिने विचारलं, आणि तिच्या पुढच्या दोन पोस्टी त्या उत्तरावर आहेत. मग पलीकडच्या वर्गातून कुणीतरी त्याच्या टिप्पणीखाली लिहिलं, 'तू सगळ्यांना विचारतोस, तुझं काय?' दोन दिवसांनी त्याची पोस्ट आली. शीर्षक, 'मला लिहायला का आवडत नव्हतं'. नऊ ओळी. शुद्धलेखनाच्या सात चुका, मी एकही सुधारली नाही. खाली ११ प्रश्न आलेत आणि तो एकेकाला सावकाश उत्तर देतोय, रोज एक.

अनुस्वार
'नव्हतं' लिहिलंय त्याने. भूतकाळ! व्याकरणातला माझा आजपासूनचा सगळ्यात लाडका काळ.

मागचा_बाक
शाईदौत बाई, वाचून खूप बरं वाटलं. एक विचारू? शून्य टिप्पण्यांवर किती पोस्टी राहिल्यात?

शाईदौत
तुमचा प्रश्न वाचून आत्ता जाऊन मोजलं. दोन आहेत. एक रविवारची आहे, तिच्यावर मी आत्ताच लिहिलं, तिच्या मांजराबद्दल विचारलंय. दुसरी १९ दिवसांपूर्वीची आहे, पाळीतली दोन मुलं आजारी होती आणि तिसऱ्याकडून राहिलं. ती उद्या पहिल्या तासाला मोठ्याने वाचायला लावते, आधी त्या मुलाला विचारून.